रशियन चांदीचा संच : वजनकाट्यावर ठेवण्याआधी

आपल्या काट्या-चमच्यांवर ‘८४’ हा आकडा आणि स्त्रीमुखाचा ठसा आहे, मुठींवर मुकुटाखाली सिरिलिक आद्याक्षरे कोरलेली आहेत, आणि तरीही जाणकार म्हणवणाऱ्याने ‘चौऱ्याऐंशी टक्केच चांदी’ असे सांगून मोडीचा भाव दिला, हे आपण लिहिलेले वाचून लिहिल्यावाचून राहवले नाही. पत्नीच्या आजोळाकडून आलेल्या अशाच संचाबाबत लंडनमधील एका मूल्यांकन कार्यालयाने आम्हालाही हेच ऐकवले होते.

झारकालीन रशियात कस शंभरावर नव्हे, तर ९६ झोलोत्निकांवर (झोलोत्निक हे जुने रशियन वजनमाप) मोजत. म्हणून ८४ म्हणजे हजारी ८७५, अर्थात साडेसत्त्याऐंशी टक्के चांदी. कोकोश्निक हे शिरोभूषण घातलेली ती स्त्री डावीकडे पाहत असेल तर ठसा १८९९ ते १९०८ या काळातला, उजवीकडे पाहत असेल तर त्यानंतरचा.

त्या कार्यालयाने सुऱ्याही सरसकट वजनकाट्यावर टाकल्या. अशा सुरीचे पाते पोलादाचे आणि मूठ पातळ पत्र्याची, आत राळ भरलेली असते, हे त्यांना ठाऊक नसेल यावर माझा विश्वास नाही. त्याहून संतापजनक म्हणजे ‘गिऱ्हाइकाला बरे दिसावे’ म्हणून आम्हाला न विचारता त्यांनी संच बफिंगला, म्हणजे यंत्रावर घासून चकाकी आणायला, दिला. चमच्यांच्या खोलगट भागातला सोन्याचा मुलामा गेला, कारागिराचा ठसा अर्धा पुसला आणि आद्याक्षरे तिरप्या उजेडातच कशीबशी दिसू लागली. तक्रारीवर उत्तर आले, ‘आता अधिक स्वच्छ दिसतात.’

साझिकोव्ह, ओव्हचिन्निकोव्ह यांच्यासारख्या पेढ्यांकडून धनाढ्य घराणी संच घडवून घेत, तेव्हा खरी किंमत त्या घराण्याच्या खुणेत असते. २०१२ मध्ये सेंट पीटर्सबर्गच्या एका वाड्यात नारिश्किन या रशियन सरदार घराण्याच्या दोन हजारांहून अधिक वस्तू १९१७च्या वर्तमानपत्रांत गुंडाळलेल्या सापडल्या. त्यांतील अनेकांवरचे कुलचिन्ह शाबूत होते. बफिंगवाल्याच्या हाती त्या पडल्या असत्या, तर निव्वळ किलोंचाच हिशेब उरला असता.

मी व्यापारी नाही आणि वकीलही नाही, तेव्हा हे अनुभवाचे बोल समजावेत. माझ्या मते आपण प्रथम प्रत्येक ठशाचे भिंगातून छायाचित्र घ्यावे, आणि रशियन चांदीचा स्वतंत्र विभाग असलेल्या लिलावगृहालाच ती दाखवावीत. झारचा नामांकित सुवर्णकार फाबर्जे याचे नाव दिसल्यास हुरळून जाऊ नये. साध्या चमच्यांवर तो ठसा मागाहून मारण्याचा उद्योग जुनाच आहे. ब्रिटनमध्ये १९५० पूर्वीच्या आणि पुरेशा कसाच्या चांदीवर नवा ब्रिटिश ठसा सक्तीचा नसतो, त्यामुळे कोणी तसा आग्रह धरल्यास संच उचलून परत आणावा. तोवर सुऱ्या गरम पाण्यात बुडवू नयेत, राळ सैल होऊन पाती निसटतात.