एअरलॉकमध्ये चिलटं मेलेली दिसतायत, एखादं घरी बनवत असलेल्या बीअरमध्येही पडलं असेल, तर अख्खी बॅच ओतून द्यावी का?

अजिबात ओतू नका. तुम्ही म्हणताय की एअरलॉकच्या (झाकणावर बसवलेली पाणी भरलेली नळी, गॅस बाहेर सोडते पण हवा आत येऊ देत नाही) पाण्यात चार-पाच चिलटं मरून पडलीयत आणि झाकण उघडून बघताना एखादं आतही गेलं असावं. एअरलॉकमध्ये मेली म्हणजे एअरलॉकने त्याचं काम चोख केलंय, पाण्याच्या पलीकडे जाणं चिलटाला जमतच नाही. आत गेलेल्या एकाने काय होईल ते सांगतो, पण त्याआधी ती येतात कशाला हे समजून घ्या, कारण सगळा बंदोबस्त त्यावरच ठरतो.

चिलटांना साखरेपेक्षा यीस्टचा वास जास्त ओढतो. फर्मेंटेशन, म्हणजे बीअर आंबणं, चालू असताना यीस्ट एस्टर्स नावाची फळांसारख्या वासाची द्रव्यं सोडतं, पिकलेल्या केळ्यासारखा वास येतो ना, तोच. बेल्जियममधल्या ल्यूव्हेनच्या संशोधकांनी 2014 मध्ये दाखवलं की यीस्टमधलं हा वास बनवणारं एक जीन बंद केलं की चिलटं त्या यीस्टकडे खूपच कमी जातात. म्हणजे यीस्टच त्यांना बोलावून घेतं, त्यांच्या अंगाला चिकटून दुसरीकडे पोचता येतं म्हणून. त्यामुळे चिलटं आली याचा अर्थ तुमची बीअर खराब झाली असा मुळीच नाही, उलट यीस्ट मस्त कामाला लागलंय.

खरा धोका आहे तो त्यांच्या पायांवरून आणि पोटातून येणाऱ्या अ‍ॅसिटोबॅक्टरचा. हा बॅक्टेरिया अल्कोहोलचं व्हिनेगर करतो, आणि हॉप्समुळे, म्हणजे बीअरला कडूपणा देणाऱ्या फुलांमुळे, लॅक्टिक बॅक्टेरियाला जसा बऱ्यापैकी आळा बसतो तसा याला बसत नाही. पण त्याला ऑक्सिजन लागतोच, हवा नसेल तर तो काही करू शकत नाही. फर्मेंटेशन जोरात असताना बीअरच्या वर कार्बन डायऑक्साइडचा थर असतो, तेव्हा एखादं चिलट पडलं तरी बहुतेक वेळा काहीच होत नाही. नुकसान होतं ते नंतर, पडलं का पडलं का म्हणून माणूस रोज झाकण उघडून बघतो आणि दर वेळी हवा आत जाते, तेव्हा. म्हणून झाकण लावा आणि आता हात लावू नका, हेच सगळ्यात महत्त्वाचं.

एअरलॉक मात्र बदला. काढायच्या आधी त्याच्या भोवती आणि रबरावर सॅनिटायझर फवारा, मग काढून लगेच धुतलेला दुसरा बसवा. त्यात साध्या पाण्याऐवजी व्होडका किंवा बीअर बनवणारे वापरतात ते स्टार सॅनसारखं सॅनिटायझर पातळ करून भरा, चुकून थोडं आत गेलं तरी चालतं. ब्लीच नको. व्होडका लवकर उडते, त्यामुळे पातळी बघत राहा, कोरडा पडलेला एअरलॉक म्हणजे चिलटांना उघडं दारच. आणि बीअर थंड करायला फ्रिजमध्ये ठेवणार असाल तर आतली हवा आकसते आणि तीन भागांच्या एअरलॉकमधलं पाणी, त्यातल्या मेलेल्या चिलटांसकट, आत खेचलं जातं. थंड करायच्या आधी तेवढं पाणी बदलाच, किंवा एस आकाराचा वापरा, त्यातून सहसा हवाच बुडबुडत आत जाते, पाणी जात नाही.

आता बाहेरची बाजू, लोक इथेच दुर्लक्ष करतात. बादलीला खाली नळ असेल तर सँपल काढल्यावर त्याच्या तोंडात एक थेंब राहतो, बोट घालून बघा, आत चिकट लागतं. चिलटं आधी तिथे बसतात, अंडी घालतात, आणि बॉटलिंगला त्याच नळातून तुम्ही सगळी बीअर काढता! सँपल काढलं की नळाच्या तोंडात सॅनिटायझर फवारायचं, पुसायचं आणि फॉइल घट्ट गुंडाळायची. तसंच फेस उतू गेला असेल तर झाकणाच्या कडेला आणि ब्लो-ऑफ ट्यूबवर (जादा फेस बाहेर नेणारी नळी) तपकिरी साका वाळतो, तो ओल्या फडक्याने पुसून काढा. उघडं, म्हणजे झाकण न लावता, फर्मेंटेशन करणाऱ्यांनी जाळीदार कापडावर विसंबू नये, चिलट जेमतेम 3 मिलिमीटर लांब आणि अंगाने बारीक, सैल विणीतून सहज घुसतं. घट्ट विणीचं सुती कापड दुहेरी करून रबराने बांधा.

वर्ट, म्हणजे यीस्ट घालायच्या आधीचं धान्याचं गोड पाणी, उकळायच्या आधी त्यात काही पडलं तर गाळून टाका आणि विसरा. उकळून झाल्यावर ते गार होत असताना मात्र खूप जपा, कारण तेव्हा अल्कोहोल नाही, यीस्ट नाही, आणि वर्ट नुसतं गोड. तेवढा वेळ झाकण ठेवायलाच हवं.

सापळा लावायचा असेल तर वाटीत अ‍ॅपल सायडर व्हिनेगर किंवा उरलेली बीअर घ्या, त्यात भांड्यांच्या लिक्विड सोपचा एक थेंब टाका, पृष्ठताण मोडतो आणि चिलट बसलं की बुडतं. ही वाटी फर्मेंटरच्या, म्हणजे बीअर आंबते त्या भांड्याच्या, शेजारी ठेवू नका, खोलीच्या दुसऱ्या टोकाला ठेवा, नाहीतर तुम्हीच त्यांना जवळ बोलावल्यासारखं होईल. पण सापळ्यात फक्त मोठी झालेली येतात. एक मादी आयुष्यात काही शे अंडी घालते आणि साधारण 25 अंश तापमानात अंड्यापासून उडणारं चिलट व्हायला 10 दिवस पुरतात, म्हणून भिजलेलं धान्य, यीस्टचा गाळ, न धुतलेल्या बाटल्या यातलं काहीही घरात पडून राहता कामा नये. बाटली प्यायली की लगेच विसळा, तळाचा गाळ वाळू देऊ नका.

चवीचं म्हणाल तर स्वीडनमधल्या संशोधकांना 2018 मध्ये आढळलं की वाइनच्या ग्लासात पडलेल्या एका मादीचा वास माणसाला कळतो, 1 नॅनोग्रॅम पुरतो, आणि तो वास फक्त मादीच सोडते. पण तो एका ग्लासाचा हिशोब, 20 लिटरमध्ये तो कळायचा नाही. तरी बॉटलिंगच्या दिवशी थोडी चाखून बघा. आंबट तिखट व्हिनेगरचा वास आला किंवा वर पांढरट साय धरलेली दिसली तरच काळजी करा. तसं नसेल तर बिनधास्त भरा, पण भरताना बाटल्यांची तोंडं उघडी ठेवू नका, भरली की लगेच वर टोपण टेकवा आणि नंतर सगळी एकदम दाबून बसवा.