लॅपटॉप कपाटातून काढा, मग बोलू

(पत्र थोडक्यात: लातूरचे एक दुकानदार लिहितात की मुलगा बीएस्सी कॉम्प्युटर सायन्सच्या दुसऱ्या वर्षाला आहे, पहिल्या वर्षी ६१ टक्के. रात्री दोन-दोनपर्यंत डेबियन नावाच्या 'फुकट' ऑपरेटिंग सिस्टिमच्या बातम्या वाचतो. दिवाळीच्या तोंडावर त्यानं दुकानाच्या बिलिंगच्या कॉम्प्युटरवरही तीच टाकली आणि दोन दिवस बिलं हातानं लिहावी लागली. तेव्हापासून त्याचा लॅपटॉप कुलपात आहे. पुण्यातल्या पुतण्यानं केला तसा दीड लाखाचा एआयचा कोर्स लावावा का?)

नमस्कार.

दोन पानी पत्रात पुतण्याचं पॅकेज तीनदा आलंय. तुमच्या मुलाला काय करायचंय, हे एकदाही नाही. ६१ टक्के सावरता येतात, मला काळजी या गोष्टीची वाटते. रोज जेवताना 'आमच्या जिवावर फुकटची कामं' असं त्याला ऐकवता, हे तुम्हीच लिहिलंय. मग तो ताट घेऊन आतल्या खोलीत जातो, याचं नवल कशाला? कॉम्प्युटर सायन्सच्या मुलाचा लॅपटॉप कुलपात ठेवणं म्हणजे शिंप्याची कात्री लपवून 'कापड का बेतत नाहीस' म्हणून ओरडणं. तो मित्राकडे जाऊन बसेल आणि घरात काय बोलायचं नाही तेवढं शिकेल. आधी लॅपटॉप द्या.

दुकानाच्या कॉम्प्युटरवरचा राग मात्र रास्त आहे. बिलिंगचं सॉफ्टवेअर विंडोजचं, ते तिथे तसं चालणार नव्हतंच, आणि हे त्याला कळायला हवं होतं. चालत्या धंद्याच्या मशीनवर प्रयोग करायचे नसतात. डेबियनमध्येही रोजच्या कामाला 'स्टेबल' आणि धडपडीला 'टेस्टिंग' किंवा 'अनस्टेबल' अशी सरळ वाटणी आहे. ते मशीन पूर्ववत करण्याचं काम त्याच्याकडेच द्या, प्रिंटरसकट.

आता 'फुकट'. फुकटचं सॉफ्टवेअर म्हणजे बिनपगारी आयुष्य, हा तुमचा समज निम्माच खरा आहे. डेबियन हा प्रकल्प आपल्या डेव्हलपरांना पगार देत नाही, १९९३ पासून तो स्वयंसेवकांच्या बळावर चाललाय. पण त्याच्या पोटातला लिनक्स कर्नल, म्हणजे सिस्टिमचा गाभा, बहुतांशी इंटेल, रेड हॅट, गूगल अशा कंपन्यांचे पगारी इंजिनिअर लिहितात. डेबियनच्या जुन्या आवृत्त्यांना सुरक्षेचे पॅच (दुरुस्त्या) मिळत राहावेत म्हणून फ्रेक्सियन ही कंपनी प्रायोजकांकडून पैसे घेते आणि डेव्हलपरांना त्या कामाचे पैसे देते. सर्व्हरवर सर्रास दिसणारी उबुंटू ही ऑपरेटिंग सिस्टिम डेबियनवरच बेतलेली आहे. म्हणजे ज्याला हे आतून कळतं त्याला पगार बाहेरचे देतात: सर्व्हर सांभाळणारे, डेव्हॉप्सवाले (सॉफ्टवेअर सर्व्हरवर चढवून चालतं ठेवणारे), एम्बेडेडवाले (यंत्रांच्या आतल्या छोट्या कॉम्प्युटरवर काम करणारे). लातुरात बसून लगेच मिळेल असं नाही, आणि पहिली नोकरी बहुधा रात्रपाळीच्या सपोर्टची असेल. तेही आत्ताच ऐकून ठेवा.

पण तुमचा मुलगा या कामात आहे, की नुसता बघ्या आहे? पत्रावरून तो बातम्या वाचतो एवढंच कळतं. डेबियन १३ 'ट्रिक्सी' ही आवृत्ती ९ ऑगस्ट २०२५ ला आली, हे कुणीही सांगेल. त्याला २०३८ बद्दल विचारा. १ जानेवारी १९७० पासूनचे सेकंद ३२ बिटच्या आकड्यात मोजले, तर तो आकडा १९ जानेवारी २०३८ ला भरतो. म्हणून ट्रिक्सीत वेळेचा आकडा ६४ बिटचा केला, जुन्या ३२ बिट पीसीसाठीचा 'आय-३८६' हा डेबियनचा प्रकार (पोर्ट) तेवढा वगळून. का वगळला? आता ते पोर्ट मुख्यतः जुने प्रोग्राम चालवण्यापुरतं उरलंय, आणि आकडा बदलला तर नेमके तेच मोडतील. हे त्यानं न अडखळता सांगितलं, तर तो मथळ्यांच्या पलीकडे वाचतो.

तरी ते वाचनच. पुढचं त्याच्यासाठी आहे, पत्र त्याच्या हातात द्या.

लॅपटॉपला ८ जीबी रॅम असेल तर व्हर्च्युअल मशीनला (लॅपटॉपच्या आत चालणाऱ्या आभासी कॉम्प्युटरला) ४ जीबी आणि ३० जीबी डिस्क दे, त्यात 'अनस्टेबल' टाक. रोज वापरतोस असं एखादं लहान पॅकेज, म्हणजे डेबियनमधला एखादा प्रोग्राम, निवड. ब्राउझर किंवा लिबरऑफिसला हात लावू नकोस, बिल्ड होण्यातच (मूळ कोडपासून चालणारा प्रोग्राम तयार होण्यातच) तासन् तास जातील. पहिलं काम दुरुस्तीचं नाही. दोन-तीन वर्षांपूर्वीचा उघडा बग (न सुटलेला दोष) आजच्या आवृत्तीतही दिसतो का, कोणत्या पायऱ्यांनी दिसतो, हे त्या बगच्या क्रमांकावर साध्या टेक्स्ट मेलनं कळव. 'न्यूकमर' टॅगचे, म्हणजे नवख्यांसाठी खूण केलेले, बग त्यानंतर घे.

पॅच करायला लागलास की हमखास एका जागी अडशील. पॅकेज तुझ्याकडे बिल्ड होईल आणि डेबियनच्या बिल्ड सर्व्हरवर फसेल. कारण लागणारी लायब्ररी तू कधीतरी आधीच टाकलेली असतेस, आणि 'कंट्रोल' फाइलमधल्या बिल्ड-डिपेंड्सच्या (बिल्डला काय काय लागतं त्याच्या) यादीत ती लिहायची राहते. म्हणून 'एसबिल्ड'नं कोऱ्या वातावरणात बिल्ड कर, पॅकेजमधल्या चुका शोधणाऱ्या 'लिंटियन'च्या तक्रारी वाच, मग 'डेबडिफ' (जुन्या-नव्या पॅकेजमधला फरक) बगला जोड. उत्तर तीन आठवड्यांनी आलं तर रोज आठवण करू नकोस, पलीकडचाही नोकरी सांभाळून हे करतो. अपलोडचा हक्क तुला नसतो, एखाद्या डेबियन डेव्हलपरनं तपासून तुझ्या वतीनं अपलोड (स्पॉन्सर) करावं लागतं. पुढे चेंजलॉगमध्ये (पॅकेजमधल्या बदलांच्या नोंदीत) तुझं नाव आणि बगचा क्रमांक लागला, तर तो बायोडेटात लिही. मुलाखत घेणारा तिथेच उघडून बघू शकतो.

एमसीएची सीईटी तिसऱ्या वर्षी द्यायचीच, त्यावर वाद नको.

आणि कोर्स? लावू नका. त्यानं मागितलेला नाही, आणि दीड लाख ही बीएस्सीच्या मुलासाठी मोठी रक्कम आहे. त्याला तीन महिने द्या. तेवढ्यात एकही बग क्रमांक दाखवता आला नाही, तर त्याचं वेड वाचण्यापुरतं आहे असं धरा आणि सीईटीच्या तयारीला लावा. दाखवला, तर तो काय सांगतोय ते दुकान बंद केल्यावर अर्धा तास बसून ऐका. पुतण्याचं नाव न काढता.

हो, दुकानाच्या मशीनमधल्या जुन्या बिलांचा बॅकअप कुठे आहे, ते त्याला आजच विचारा. नसेल तर त्या डिस्कवर आणखी काही टाकू देऊ नका. फायली परत मिळण्याची जी काही शक्यता उरली असेल, ती प्रत्येक नव्या इन्स्टॉलनं कमी होते.