रोपं शेवटी, कुंड्या वाजवून

प्रश्न : काकू, नमस्कार. आम्ही चौघी शाळेपासूनच्या मैत्रिणी. श्रावणात एक दिवस काढून कराडहून गाडीनं सांगलीला यायचं आणि रोपवाटिका, कुंड्या, भांड्यांची दुकानं असं दिवसभर फिरायचं, असा बेत आहे. गेल्या वर्षीही असंच आलो होतो. हौसेनं नेलेल्या सात रोपांपैकी पाच महिनाभरात गेली. फार हळहळ वाटली. या वेळी काय आधी घ्यावं, काय बघून घ्यावं, सांगाल का?
– एक वाचक, कराड

उत्तर : ताई, पाच रोपं गेली हे वाचून मलाही वाईट वाटलं. पण तुमच्याच हातून काही चुकलं असेल असं मनाला लावून घेऊ नका. रोपवाटिकेतली शोभेची बरीच रोपं मुळात लांबून आलेली असतात. आंध्रात राजमहेंद्रीजवळ कडियम म्हणून गाव आहे, गोदावरीकाठचं. तिथल्या रोपवाटिकांमधून ट्रक भरभरून रोपं देशभर जातात, तशी आपल्याकडेही येतात. दमट हवेत, जाळीच्या सावलीत वाढलेलं रोप ट्रकच्या प्रवासानं आधीच दमलेलं असतं. ते तुम्ही घेतलंत आणि दुसऱ्या दिवशी गच्चीवर उन्हात ठेवलंत, तर कसा टिकाव धरणार?

म्हणून रोपवाटिकेत गेल्यावर किंमत नंतर विचारा. आधी विचारा, "दादा, हे तुमच्याकडे येऊन किती दिवस झाले?" इथं पंधरा-वीस दिवस राहून ज्यानं नवी पालवी फोडलीय, ते रोप आपलं. फुलांनी लगडलेलं डोळ्यांत भरतं, पण मी नेहमी शेजारचं, कळ्याही कमी असलेलं आणि शेंड्याला पोपटी कोंब असलेलं उचलते.

मग पिशवी हातात घ्या. मोगऱ्याचं उदाहरण सांगते, कारण चौघींपैकी निदान दोघी तरी मोगरा घेणारच. पिशवी जरा तिरपी करून खालची भोकं बघा. एखाददुसरं पांढरं मूळ डोकावत असेल तर छान. तपकिरी मुळांचं जाळंच बाहेर आलं असेल आणि पिशवी दाबल्यावर आत ढेकूळ घट्ट लागत असेल, तर मुळं आतल्या आत गोल गोल फिरून गुंडाळली गेलीत असं समजा. उलट खोड चिमटीत धरून हलवलं आणि माती जागची न हलता नुसतं खोडच डुललं, तर ते नुकतंच पिशवीत खोचलेलं आहे. शेवटी पान उलटं करून बघा आणि देठाच्या बेचक्यात नजर टाका. पांढरा कापसासारखा पुंजका दिसला तर तो पिठ्या ढेकूण. असं एक रोप घरी गेलं की जास्वंदीपासून सीताफळापर्यंत सगळीकडे पसरतं. एवढं बघायला दोन मिनिटंही लागत नाहीत, आणि चांगला रोपवाला बघू देतो. न बघू देणाऱ्याकडून मी घेतच नाही.

आता दिवसाचा क्रम. रोपं सगळ्यात शेवटी, परतीच्या वाटेवर. हे मी फार मोठी किंमत मोजून शिकले. दोन वर्षांपूर्वी आम्ही पाचजणी मिरजेला गेलो होतो. सकाळच्या उत्साहात आधी शेवंती घेतली, तीन रंगांची. गाडी उन्हात, काचा बंद, आणि आम्ही तासभर जेवायला. परत येऊन दार उघडलं तर आतून वाफ यावी तसा झोत आला. कोवळी पानं भाजी शिजल्यासारखी गळून पडली होती. घरी आणून पाणी शिंपडलं, सावलीत ठेवली, पण एकही उठली नाही. श्रावणात ऊन-पाऊस आलटून पालटून असतो, म्हणून जास्तच सांगते. ढग बघून निर्धास्त राहू नका.

आणि पेठ नाक्याच्या रस्त्यानं परत जाताना काचा उघड्या ठेवून रोपांना वारं लावू नका. तासभराच्या वाऱ्यानं पानं सुकतात. उंच रोपं आडवी ठेवा, मुळांवर ओलं पोतं टाका.

तेव्हा सकाळी आधी कुंड्या. मातीची कुंडी घेताना जुन्या बायका मडकं वाजवायच्या तशी वाजवून घ्या. एका हातानं काठाला धरून अधांतरी उचला आणि वाकवलेल्या बोटानं टकटक करा. खणखणीत वाजली तर नीट भाजलेली. बद्द आवाज आला तर कुठंतरी तडा आहे किंवा कच्ची आहे, पावसाळ्यात पोपडे सुटतील. मग तळाचं भोक बघा. बऱ्याच कुंड्यांत ते अर्धवट बुजलेलं असतं. घरी नेल्यावर रात्रभर पाण्यात बुडवून ठेवा. बुडबुडे यायचे थांबेपर्यंत ती पाणी पीत असते. कोरडी वापरलीत तर झाडाच्या वाटणीचं पाणी तीच पिते. मोगऱ्याला बारा इंची पुरे, कढीपत्त्याला सोळा इंची लागते. ओल्या मातीसकट बारा इंची कुंडी वीसेक किलो भरते, हे गच्चीवर रांग लावण्याआधी ध्यानात असू द्या.

माती मात्र सांगलीहून नेऊ नका. आपल्या कृष्णाकाठची काळी माती उसाला सोनं आहे, कुंडीला नाही. पाणी धरून चिखल होते, सुकली की भेगा पडतात. आणि लांबून आलेल्या रोपाचा तांबडा गोळा तसाच काळ्या मातीत बसवला तर मुळं त्या गोळ्याबाहेर यायला तयार नसतात. तुमची पाच रोपं बहुधा अशीच गेली असतील. तांबडी पोयटा माती, कुजलेलं शेणखत आणि कोकोपीट समप्रमाणात घ्या, वर मूठभर निंबोळी पेंड. पण तेही लगेच नको. रोप आठ दिवस पिशवीतच, सावलीत, तुमच्या घरच्या हवेत राहू द्या, मग हलवा. हलवताना गोळ्याच्या कडेची मुळं बोटांनी थोडी मोकळी करा.

भांड्यांच्या दुकानांचं थोडक्यात. समई घेणार असाल तर दुकानातच सगळे भाग जोडून सपाट फरशीवर उभी करा. आटे नीट बसले नसतील तर वरचं टवळं, म्हणजे तेलाची वाटी, कलतं आणि तेल एकाच अंगानं ओघळत राहतं. बिडाची कढई उजेडासमोर धरून बारीक छिद्रं बघा.

चौघी आहात याचा एक फायदा मात्र सोडू नका. चौघींनी एकच मोगरा चार वेळा घेण्यापेक्षा एकीनं मोगरा, एकीनं सायली, एकीनं कुंद, एकीनं रातराणी घ्या. पुढच्या पावसाळ्यात छाट कलमं करून वाटून घ्या. माझ्याकडची सायली अशीच एका मैत्रिणीच्या दारातली आहे. ती मैत्रीण आता पुण्यात मुलाकडे असते, आणि दर पावसाळ्यात वेलीला पहिला कळा आला की मी तिला फोन करते.

निघायच्या आधी एक करा. प्रत्येकीनं आपल्या गच्चीवर, खिडकीत किती वाजेपासून किती वाजेपर्यंत ऊन येतं ते दोन दिवस बघून चिठ्ठीवर लिहून आणा. चार तासांपेक्षा कमी ऊन असेल तर गुलाबाकडे वळूही नका.

प्रश्न : सांगलीच्या बाजारातून हळकुंडं आणून कुंडीत लावली, दीड महिना झाला, एकही उगवलं नाही. बियाणं खराब होतं का?
– एक वाचक, कोरेगाव

उत्तर : खराब नव्हतं, शिजवलेलं होतं. बाजारात येणारी हळद शेतावरच उकडून, वाळवून, पॉलिश करून आलेली असते. तिच्यातला कोंब तेव्हाच मेला. लावायला कच्चा कंद हवा, शक्यतो जेठा गड्डा, म्हणजे मधला मोठा मूळ कंद, डोळे फुगलेला. तो ओळखीच्या शेतकऱ्याकडून मार्च-एप्रिलमध्ये सांगून ठेवा. सांगलीजवळ कसबे डिग्रजला हळद संशोधन केंद्र आहे, तिथंही चौकशी करता येईल. लागवड मे-जूनमध्ये, पसरट कुंडीत, दोन-तीन इंच खोल. काढायला आठ-नऊ महिने लागतात, पण पानं त्याआधीच मिळतात. नागपंचमीच्या पातोळ्या तुमच्याच कुंडीतल्या पानांवर होतील.