सदाशिव पेठेतली दोन वर्षं लपवू नकोस

प्रश्न: मी बार्शीचा. मेकॅनिकल इंजिनिअर आहे, एक केटी लागली होती. डिग्रीनंतर दोन वर्षं सदाशिव पेठेत राहून एमपीएससी केली. एकदा पूर्व निघाली, मुख्यला राहिलो. आता वर्षभर चाकणला क्वालिटी विभागात आहे. यंदा कॅट आणि स्नॅप या प्रवेश परीक्षांवरून एमबीएच्या मुलाखतीचे तीन कॉल आलेत. मॉक मुलाखतीत ‘दोन वर्षं काय केलंस?’ असं विचारल्यावर मी गडबडलो आणि वडील आजारी होते म्हणून सांगितलं. ते ठणठणीत आहेत. अशा अडचणीच्या प्रश्नांना काय उत्तर द्यायचं?

उत्तर: प्रिय मित्रा,

तुझं उत्तर ऐकून समोरचा माणूस साहजिकच काळजीने विचारणार, ‘काय झालं होतं त्यांना? आता बरे आहेत ना?’ तिथून पुढे तुला आजार शोधावा लागेल, हॉस्पिटल शोधावं लागेल, आणि घरी ठणठणीत बसलेल्या बापाविषयी हे सगळं बोलताना तुझा आवाज बदलेल. तू मुळात खोटं बोलणारा मुलगा नाहीस, म्हणून तर पत्र लिहिलंस.

लवळ्याच्या किंवा हिंजवडीच्या एमबीए कॉलेजात बसलेल्या पॅनेलला सदाशिव पेठ समजावून सांगावी लागत नाही. अभ्यासिका, मेसचा डबा, कॉट बेसिसची खोली हे सगळं त्यांना ठाऊक आहे. त्यांना पाहायचं असतं ते एवढंच, की स्वतःच्या अपयशाविषयी तू सरळ बोलू शकतोस का. म्हणून सरळ सांग: ‘दोन वर्षं राज्यसेवेची तयारी केली. एकदा पूर्व निघाली, मुख्यला कमी पडलो. मग थांबायचं ठरवलं आणि नोकरी धरली.’ थांबायचं कसं ठरवलंस, ते तुझ्या शब्दांत एका वाक्यात. पुढे गप्प राहा. स्पर्धा किती, जागा किती कमी, निकाल किती रखडतात, हे सगळं खरं असलं तरी तिथे काढू नकोस. ती तक्रार वाटते.

यानंतरचा प्रश्न जास्त टोचेल. ‘म्हणजे तिकडे जमलं नाही म्हणून इकडे आलास?’ यावर ‘नाही सर, मला लहानपणापासून मॅनेजमेंटची आवड’ असं म्हणालास तर मुलाखत तिथेच संपली असं समज. मान्य कर: हो, तिकडे निवड झाली असती तर आज मी इथे नसतो. आणि मग चाकणविषयी बोल. तुमच्याकडे कधीतरी रिजेक्ट ठरलेला माल, लाइन थांबू नये म्हणून डेव्हिएशनवर, म्हणजे खास परवानगीने, घेतला गेला असेल. तो निर्णय कोणी घेतला? लाइन तासभर थांबण्याचा खर्च आणि खराब पार्ट पुढे गेल्याचा धोका यांचा हिशोब कोणी मांडला? तो हिशोब तुला कळला नव्हता आणि तो शिकायचाय, असं खरोखर वाटत असेल, तर ‘एमबीए कशाला?’ याचं उत्तर हेच. मात्र प्रसंग तुझ्या शॉपफ्लोअरवरचाच हवा, माझा उसना नको.

केटीचं फार मनावर घेऊ नकोस. कोणता विषय, का राहिला, कधी सुटला, एवढं पुरे. फक्त तो विषय पुन्हा वाचून जा, त्यातलंच विचारतात.

एमपीएससीने तुला जे दिलंय, त्याची किंमत तू कमी धरतोयस. रिझर्व्ह बँकेचं महागाईचं लक्ष्य 4 टक्के, वर-खाली 2 टक्क्यांची मुभा, पतधोरण समितीत 6 सदस्य, हे तुला झोपेतही येत असेल. पण पॅनेल विचारेल, ‘रेपो दर वाढला तर बार्शीतल्या ट्रॅक्टर डीलरचं काय होईल?’ पाठ केलेल्या प्रत्येक मुद्द्याला गावातल्या एका दुकानापर्यंत नेऊन बघ. तयारीचा निम्मा वेळ मी यालाच देईन.

‘पुण्यात रोज किती कप चहा विकला जातो?’ असंही विचारतील. अचूक आकडा त्यांच्याकडेही नसतो. मोठ्याने विचार कर. 2011च्या जनगणनेत महापालिका हद्दीत 31 लाखांवर लोक होते, आज 40 लाख धरू. चारांतला एक बाहेर चहा पितो असं मानलं तर 10 लाख माणसं, माणशी दीड कप म्हणजे 15 लाख कप. मग स्वतःच उलट तपास: एक टपरी दिवसाला 300 कप विकत असेल, तर 5 हजार टपऱ्या लागतील. पटतं का? हा शेवटचा तपास बहुतेक मुलं विसरतात, आणि मला तरी तोच सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. जे येत नाही तिथे मात्र ‘माहीत नाही, सर’ म्हणून मोकळा हो.

दुसरे कॉल विचारले तर तिन्ही सांग. इंग्रजीची धास्ती असेल तर वाक्यं छोटी ठेव, आणि उत्तरं पाठ न करता रोज मोठ्याने बोल.

आता एक काम आजच कर. भरलेले तिन्ही फॉर्म उघडून गॅपच्या रकान्यात काय लिहिलंयस ते बघ. तिथेही वडिलांचा आजार गेला असेल, तर मुलाखतीआधी त्या कॉलेजला ईमेल करून दुरुस्ती कळव, आणि मलाही सांग.