जजनं मधातच टोकलं तर?

दिवाळीच्या सुट्ट्या संपल्या की माझ्याकडे समुपदेशनासाठी लॉ कॉलेजची पोरं येऊ लागतात, मूट कोर्टाची, म्हणजे सरावासाठीच्या खोट्या खटल्याची, भीती घेऊन. प्रश्न थोड्याफार फरकानं एकच असतो : "मॅडम, मूट कोर्टात नाव दिलंय. पण उभं राहिलं की सगळं विसरतो. इंग्रजीही कच्चं आहे. नाव मागे घेऊ का?" यवतमाळात बसून हा प्रश्न मी इतक्यांदा ऐकला आहे की त्याचं उत्तर एकदा लिहून ठेवावं असं बरेच दिवस मनात होतं. उत्तर म्हणून एका मुलाची गोष्टच सांगते. त्याची परवानगी घेतली आहे, ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

तो कळंबच्या पलीकडच्या एका गावचा. शाळा जिल्हा परिषदेची, बी.ए. मराठीतून, तेव्हा तीन वर्षांच्या एलएल.बी.च्या दुसऱ्या वर्षाला. घरी सहा एकर कोरडवाहू. कापूस, सोयाबीन, मधात तुरीच्या ओळी. सकाळच्या एसटीनं यायचं, संध्याकाळच्या गाडीनं परत. शाळेपासून वक्तृत्वाची बक्षिसं घेतलेली. २६ जानेवारीला गावात भाषण त्याचंच. त्यामुळे कॉलेजनं अंतर्गत मूट ठेवलं तेव्हा यादीत पहिलं नाव त्याचं होतं. आणि तिथं चौथ्या मिनिटाला तो गप्प झाला.

"जजनं काय विचारलं होतं?" मी विचारलं.

"तेच तं आठवत नाई मॅडम. मी बोलून रायलो होतो, अन् त्याइनं मधात टोकलं. सारं पुसून गेलं. मंग मी पुन्हा पयल्यापासून सुरू केलं, 'मे इट प्लीज द कोर्ट'. पोरं हासली."

तरी नागपूरच्या एका आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेसाठी त्याला संघात घेतलं होतं, कारण त्याचं लेखी काम वर्गात सगळ्यात चोख होतं. हातात सहा आठवडे होते आणि त्याला नाव मागे घ्यायचं होतं.

ज्यांच्या घरात कोणी वकिलीकडे फिरकलं नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. मूट म्हणजे खोटा खटला, पण कायदा खरा. आयोजक काल्पनिक प्रकरण पाठवतात, त्याला प्रॉपोझिशन म्हणतात. संघ बहुधा तिघांचा असतो : दोघं बोलणारे, एक संशोधक. दोन्ही बाजूंचं लेखी म्हणणं, म्हणजे मेमोरियल, आधी पाठवायचं. आपल्याकडे सहसा दाद मागणाऱ्याचं निळ्या मुखपृष्ठाचं आणि उत्तर देणाऱ्याचं लाल. संघाला कॉलेजचं नाव नसतं, कोड असतो. एका फेरीत या बाजूनं बोलायचं, दुसरीत त्या बाजूनं. बार कौन्सिलच्या २००८ च्या नियमांत तर मूट अभ्यासक्रमातच आहे : वर्षाला किमान तीन, प्रत्येकी १० गुण, त्यातले ५ लेखी कामाचे आणि ५ बोलण्याचे. म्हणजे स्पर्धेतून नाव काढता येतं, मुटातून नाही. हे मी त्याला पहिल्याच दिवशी सांगितलं. त्याचा चेहरा आणखी उतरला.

आता माझी चूक सांगते. 'इंग्रजी कच्चं आहे' हे मी जसंच्या तसं खरं धरलं. दोन भेटी श्वासाच्या व्यायामात घालवल्या : श्वास सोडताना जास्त वेळ घ्यायचा, पाय जमिनीवर टेकलेले जाणवून घ्यायचे, वगैरे. वाईट काही नाही त्यात, छातीतली धडधड उतरते. वर गांधीजींची गोष्टही ऐकवली. सेवाग्राम आमच्या शेजारच्याच जिल्ह्यात, त्यामुळे ती इकडे प्रत्येक जण सांगतो : मुंबईच्या स्मॉल कॉज कोर्टात पहिल्याच खटल्यात उभे राहिले, डोकं गरगरलं, एक प्रश्न सुचेना, खाली बसले आणि ३० रुपये फी परत केली. त्यानं शांतपणे ऐकलं आणि म्हणाला, "मॅडम, त्याइनं फी वापस केली. आमची तं रजिस्ट्रेशन फी भरून झाली."

तिसऱ्या भेटीला मी त्याला भाषणाची वही आणायला सांगितली. चौदा पानं. सगळं इंग्रजी, पण देवनागरीत लिहिलेलं : 'द लर्नेड स्टेट कमिशन हॅज ग्रेव्हली अर्ड'. कुठं थांबायचं तिथं लाल रेघ, कुठं आवाज चढवायचा तिथं वर बाण. वक्तृत्व स्पर्धेची तयारी होती ती, आणि उत्तम होती. पण वक्तृत्व स्पर्धेत परीक्षक गप्प बसतात. मुटात जज दुसऱ्याच मिनिटाला म्हणतो, ते सोडा, मुद्दा तीनवर या.

पाठ केलेली गोष्ट साखळीसारखी असते. एक कडी पुढची कडी ओढते. लहानपणी पाहुण्यांसमोर कविता म्हणताना कोणी मधात बोललं की आपण पहिल्या ओळीपासून सुरू करायचो, तसंच. मन घाबरलेलं असलं की मधली कडी सापडतच नाही. माझ्याकडे येणाऱ्या दहातल्या सात-आठ मुलांचं हेच असतं, आणि ती सगळी त्याला 'इंग्रजी' म्हणतात. कॉन्व्हेंटमधली मुलंही मधात अडकतात. फक्त त्यांना अडकल्यावर दोष द्यायला इंग्रजी सापडत नाही.

मी वही बंद केली. म्हटलं, "खटला काय आहे ते सांग मला. तुझ्या भाषेत सांग. मला कायद्यातलं काही कळत नाही असं समज."

खटला सोयाबीनच्या बियाण्याचा होता. शेतकऱ्यानं पेरलं, उगवलं नाही; तालुक्याच्या तक्रार समितीनं पंचनामा केला; ग्राहक आयोगानं भरपाई दिली; कंपनी अपिलात आली. तो सांगत सुटला. मी पावलोपावली टोकलं : शेतकरी ग्राहक कसा, तो तर माल विकायला पिकवतो ना? बियाणं प्रयोगशाळेत तपासलं का? मग दोष सिद्ध कसा करणार? तो थांबायचा, डोकं खाजवायचा, पुन्हा सुरू व्हायचा. २०१२ चा नॅशनल सीड्स कॉर्पोरेशन विरुद्ध मधुसूदन रेड्डी हा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल त्यानं मला असा समजावला : "कोर्ट म्हनते, शेतकरी ग्राहकच हाय. अन् कंपनी म्हनत होती, तपासाले नमुना काहून नाई ठेवला? कोर्ट म्हनते, कोन्ता शेतकरी पेराले आनलेलं बियानं तपासाले म्हनून बाजूले काढून ठेवते?"

वीस मिनिटांनी मी त्याला माझा कागद दाखवला. टोकलं की मी एक रेघ मारत होते. सतरा रेघा होत्या. त्यानं त्या दोनदा मोजल्या.

इंग्रजीबद्दल मी मुलांशी खोटं बोलत नाही. खालच्या न्यायालयांची भाषा मराठी आहे, पण उच्च आणि सर्वोच्च न्यायालयाचं कामकाज संविधानाच्या अनुच्छेद ३४८ नुसार इंग्रजीत चालतं. ज्याला नागपूर खंडपीठात उभं राहायचं आहे त्यानं ती शिकावीच. पण क्रम महत्त्वाचा. आम्ही ठरवलं : मुद्दा आधी वऱ्हाडीत संघातल्या दोघांना समजवायचा, मग तोच इंग्रजीत, छोट्या वाक्यांत. चौदा पानांचं एक पान करायचं, त्यावर फक्त मुद्दे, निकालांची नावं आणि परिच्छेदांचे आकडे. आणि सोबत्यांनी दर अर्ध्या मिनिटाला टोकायचं. पहिल्या दिवशी तो चिडला. चौथ्या दिवशी, त्याच्याच शब्दांत, 'मजा येऊन रायली होती'.

पण माझ्या मते खरा फरक दुसऱ्याच गोष्टीनं पडला. त्याच सुमारास कॉलेजात पहिल्या वर्षाच्या मुलांचं मूट होतं. मी त्याला म्हटलं, बोलू नकोस, आयोजनात काम माग. त्यानं खुर्च्या लावल्या, कोडांच्या चिठ्ठ्या काढल्या, गुणपत्रिकांच्या प्रती मारून आणल्या, आणि दिवसभर जजच्या शेजारी वेळ राखायला बसला. पाच मिनिटं उरली, दोन उरली, संपली, अशा पाट्या दाखवायच्या. उभ्या माणसाला जज राक्षस वाटतो. शेजारी बसलेल्याला दिसतं की जजला चहा हवा आहे, त्यानं प्रॉपोझिशन सकाळीच वाचलं आहे, आणि प्रश्न विचारतो तो बहुधा स्वतःला कळलं नाही म्हणून. जिला फक्त दोन प्रश्न विचारले तिला कमी गुण पडलेले त्यानं पाहिले, आणि जिला सारखं अडवलं ती पहिली आली. मुटाची भीती वाटणाऱ्या मुलांना मी आता आधी टाइमकीपर व्हायला पाठवते.

(प्रत्येकाचं प्रकरण मात्र इतकं साधं नसतं. झोप उडाली आहे, जेवण जात नाही, स्पर्धा नसतानाही अचानक श्वास कोंडतो असं आठवडेच्या आठवडे चाललं असेल, तर टाइमकीपर होऊन भागत नाही. मानसोपचार डॉक्टरांना दाखवा. टेलि-मानसचा १४४१६ हा सरकारी नंबर फुकट आहे आणि मराठीत बोलता येतं.)

मग स्पर्धेच्या आठ दिवस आधी तो पुन्हा आला. वेळापत्रक आलं होतं. पहिल्या फेरीत त्याला कंपनीच्या बाजूनं बोलायचं होतं.

"दुसऱ्या बाजूनं सारं बोलता येते मॅडम. या बाजूनं तोंडच उघडत नाई."

मग कळलं. २०२० च्या खरिपात विदर्भ-मराठवाड्यात सोयाबीन उगवलं नाही म्हणून तक्रारींचा ढीग लागला होता. त्यात त्याच्या वडिलांचीही एक होती. तीस किलोच्या चार थैल्या मातीत गेल्या, उसनवारी करून दुबार पेरणी केली. पंचनामा झाला. पुढे तो विषय घरात कोणी काढत नाही. आणि आता हा कोट-बँड घालून म्हणणार की चूक शेतकऱ्याची.

वकिलाला एरवी समोर आलेलं काम सहसा नाकारता येत नाही, बार कौन्सिलचा नियमच तसा आहे, हे त्याला माझ्यापेक्षा जास्त माहीत होतं. नियमानं काही हललं नाही. मी इतकंच विचारलं, "बाबांना सांगितलंस?"

"कायले सांगू?"

"खटला त्यांच्याच पिकाचा आहे ना?"

त्या रात्री तो बोलला. पुढचं त्यानं मला सांगितलं ते असं. बाबा आधी गप्प राहिले. मग म्हणाले, कंपनीले बोलाचंच असंन तं हे बोल, की कृषीवाले म्हनतात ७५-१०० मिलिमीटर पाऊस झाल्याबिगर पेरू नोका, अन् आमी एका पावसावर पेरलं. ट्रॅक्टरनं पेरलं, तास खोल गेलं, सोयाबीनचं टरफल नाजूक, खोल गेलं का जोर पुरत नाई. अन् गोनपाटात शंभर दाने ओले करून पाहाचे असतात, सत्तर उगवले तं पेराचं. आमी पाह्यले नाई. इतकं सांगून म्हणाले, "पन बियानंई खराबच होतं, हे ध्यानात ठेव."

कंपनीच्या बाजूचे इतके चांगले मुद्दे त्याच्या मेमोरियलमध्येही नव्हते.

नागपूरला जजनं त्याला तिसऱ्या मिनिटाला अडवलं. रेड्डी निकाल पुढे केला आणि विचारलं, बियाणं बाजूला काढून ठेवणारे किती शेतकरी तुम्ही पाहिले आहेत? तो म्हणतो, मी श्वास घेतला, आणि खरं तेच सांगितलं, "नन, युवर ऑनर." कोर्टात क्षणभर शांतता. मग तो पुढे म्हणाला की म्हणूनच माझं म्हणणं नमुन्यावर उभं नाही, समितीच्या अहवालावर आहे. त्यात जमिनीतल्या ओलीचा उल्लेख आहे, बियाणं सदोष असल्याचा नाही. आणि २००५ चा हरियाणा सीड्स विरुद्ध साधू हा निकाल दाखवला, ज्यात अहवालात बियाण्याच्या दोषाचा स्पष्ट उल्लेख नसल्यानं शेतकरी हरले होते. नको तो मुद्दा सोडून देऊन पाय रोवायची जागा बदलणं पाठांतरातून येत नाही.

ती फेरी तो जिंकला. दुसऱ्या फेरीत शेतकऱ्याच्या बाजूनं उभा राहिला आणि गुण घसरले. "तिथं मी भांडाले लागलो मॅडम," म्हणाला. संघ पुढच्या टप्प्यात गेला नाही.

घरी बाबांनी विचारलं, काय झालं? यानं सगळं सांगितलं. "म्हंजे कंपनीकडून जिकला अन् आपल्याकडून हारला?" म्हणून ते बराच वेळ हसले. मग उठून पेटी उघडली आणि पंचनाम्याचा कागद त्याच्यासमोर ठेवला. म्हणाले, "हे वाच बरं. याच्यात बियान्याचं काई लिवलं हाय का नाई?"

ग्राहक आयोगात जायची मुदत दोन वर्षांची असते. ती केव्हाच सरली होती. त्यानं ते सांगितलं नाही, कागद घेऊन उजेडाकडे सरकला आणि वाचायला बसला.