सोडलं कोणी, वापरत कोण होतं?

‘आमचे हे म्हणतात, प्रभूच्या मागे जायचं तर घरातला पसारा कमी करायला हवा. मला जमत नाही. मी विश्वासात कच्ची आहे का?’ लेंटचे, म्हणजे ईस्टरआधीच्या उपवासाचे, दिवस आले की समुपदेशनासाठी माझ्याकडे आलेलं कुणी ना कुणी हा प्रश्न विचारतंच. इथे सांगते ते जोडपं बडोद्याचं, मराठी ख्रिस्ती. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

घर फतेगंजात. नवरा एका कारखान्यात हिशेब लिहितो. दोन वर्षांपूर्वी फोन, फ्रीज, सोफा, सगळं हप्त्यांवर आणलेलं. पगार यायच्या आत वाटला जायचा. मग एका उपवास-प्रार्थनेनंतर याचं मन पालटलं. टीव्ही विकला, मिक्सर देऊन टाकला, मुलीचा नाचाचा क्लास बंद केला. प्रार्थनेच्या बैठकीत साक्ष दिली, म्हणजे देवाने आपल्याला कसं बदललं ते सगळ्यांसमोर सांगितलं. लोक भारावले. घरी बाई पाट्यावर चटणी वाटत होत्या. आणि ऑनलाइन मागवलेली पार्सलं शेजारच्या बेनकडे उतरवून गव्हाच्या कोठीत लपवत होत्या. कुर्ते, केसांच्या क्लिपा, एकदा तर चक्क छोटा मिक्सर!

मी आधी त्या पार्सलांच्याच मागे लागले. चुकलंच माझं. बाई रडल्या आणि पुढच्या वेळी आल्याच नाहीत. तिसऱ्या खेपेला नवऱ्याला घेऊन आल्या.

तो तयारीनिशी आला होता. बायबलमधल्या लूकच्या शुभवर्तमानाचा नववा अध्याय, तेविसावं वचन: आत्मत्याग करा, रोज आपला वधस्तंभ उचला. वर कवी रेव्हरंड ना. वा. टिळकांचा दाखला, १९१७ साली मिशनची पगारी चाकरी सोडली त्याचा. मी म्हटलं, “बरोबर आहे दादा. पण टिळकांनी सोडला तो स्वतःचा पगार.”

माणूस जमाखर्चातला, म्हणून कागदावर दोन रकाने पाडून दिले. डावीकडे सोडलेली वस्तू, उजवीकडे ती कोण वापरत होतं. त्याने नीट, वळणदार अक्षरात लिहिलं. टीव्ही: आई आणि बायको. मिक्सर: बायको. क्लास: मुलगी. नाताळचे नवे कपडे: मुलगी. स्वतःच्या नावापुढे एकच नोंद झाली, चहातली साखर.

“ती तर डॉक्टरांनीच बंद केलीय,” बाई पुटपुटल्या.

मार्कच्या सातव्या अध्यायात येशू अशाच लोकांवर चिडतो. आईबापांना द्यायचं ते ‘कुर्बान’, म्हणजे देवाला वाहिलेलं, असं म्हणून हात झटकणाऱ्यांवर. आणि प्रेषित पौल करिंथच्या मंडळीला पत्रात लिहितो की नवराबायकोने प्रार्थनेसाठी वेगळं राहायचं तर दोघांच्या संमतीने आणि काही काळच. एवढ्या खाजगी त्यागालाही संमती लागते, मग मिक्सरला नको? हे मी जरा जोरातच बोलले. समुपदेशकाने असं बोलू नये म्हणतात.

हप्ते फेडायचं त्याचं म्हणणं मात्र खरं होतं. म्हणून ठरलं ते असं: पार्सल आपल्याच दारात यायचं, तीन दिवस न फोडता कपाटावर ठेवायचं, मग दोघांनी मिळून ठरवायचं. पहिल्या महिन्यात चार आली, दोन परत गेली. कोठीतला मिक्सर ओट्यावर आला. नाचाचा क्लास पुन्हा लागला.

“मग मी सोडू काय?” त्याने विचारलं. मी म्हटलं, जे गेलं तर तुम्हालाच खुपेल ते. तो बराच वेळ गप्प. बाई हळूच म्हणाल्या, “ती साक्ष. दर महिन्याला देतात.” तो ताडकन उठला आणि बाहेर जाऊन उभा राहिला. दहा मिनिटांनी आत आला, पण त्या विषयावर बोलला नाही. मीही छेडलं नाही.

पुढच्या भेटीला बाई एकट्याच आल्या. रविवारी पाळकसाहेबांनी विचारलं होतं, आज कोण साक्ष देणार? आणि सवयीने याच्याकडे बघितलं.

“उठले नाहीत,” बाई म्हणाल्या. “पण बाकाखाली पाय सारखा हलत होता. मी माझा पाय त्यांच्या पायावर ठेवला.”