ऑइलचा लाल दिवा: आधी प्रेशर मोजा, मग इंजिन उघडा

प्रश्न: नमस्कार सर, माझी २०१३ ची डिझेल हॅचबॅक आहे, १ लाख ४० हजार किमी झालेत. पुण्याहून साताऱ्याला येताना खंबाटकी चढून पुढे कुठे गाडी थांबली की ऑइलचा लाल दिवा मिणमिणतो, जरा रेस दिली की जातो. सकाळी थंड गाडीत काहीच नाही. डिपस्टिकवर लेव्हल बरोबर आहे. एक मेकॅनिक म्हणतो हाफ इंजिन करा, म्हणजे इंजिन उघडून बेअरिंगसारखे झिजलेले भाग बदला, दुसरा म्हणतो जाड ऑइल टाका, तिसरा म्हणतो सेन्सरची वायर काढून ठेवा. कोणाचं ऐकू? (एक वाचक, सातारा)

उत्तर: वायर काढा म्हणणाऱ्याकडे तर गाडी परत नेऊच नका. आणि उरलेल्या दोघांनी तरी कुठे प्रेशर मोजलंय? न मोजता कुणी हाफ इंजिनचा खर्च सांगत असेल तर तो अंदाजच झाला ना, आणि अंदाजावर एवढे पैसे घालू नयेत असं माझं स्पष्ट मत आहे.

आधी हे लक्षात घ्या की तो दिवा लेव्हलचा नाही, प्रेशरचा आहे, त्यामुळे डिपस्टिक बरोबर असूनही तो लागू शकतो. घाट चढून इंजिन तापलं की ऑइल पातळ होतं, त्यात आयडलवर, म्हणजे रेस न देता इंजिन नुसतं चालू असताना, पंप सगळ्यात कमी फिरतो, म्हणजे प्रेशर सगळ्यात कमी असण्याची वेळ तीच. म्हणून थंड गाडीत सगळं ठीक दिसतं.

आता करायचं काय, तर मेकॅनिकला सांगा की ऑइल प्रेशर स्विच (दिवा लावणारा तोच सेन्सर) काढून त्या जागी प्रेशर मोजायचं मेकॅनिकल गेज लावा, योग्य ॲडॅप्टर लागतो बस, आणि गाडी चांगली १५-२० किमी फिरवून गरम झाल्यावरच रीडिंग घ्या, थंड गाडीचं रीडिंग इथे काही कामाचं नाही. आयडल, २००० आणि ३००० आरपीएम असे तिन्ही आकडे लिहून ठेवा. खरे आकडे तुमच्या इंजिनच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्येच बघा, पण ढोबळ हिशोब म्हणजे दर हजार आरपीएमला १० पीएसआयच्या (प्रेशरचं एकक) आसपास. गेजवर प्रेशर चांगलं आहे आणि तरी दिवा लागत होता, तर स्विच किंवा वायर खराब, स्वस्तात सुटलात. सगळ्याच आरपीएमला कमी असेल तर पंप, उघडा अडकलेला रिलीफ व्हॉल्व्ह (जादा प्रेशर सोडून देणारा) किंवा स्ट्रेनरची जाळी (पंप जिच्यातून ऑइल ओढतो ती) बघायची. आयडलला ठीक आणि रेस वाढवली की पडतंय, तर बहुतेक जाळीच चोंदली आहे. आणि फक्त गरम आयडलला कमी, वर गेल्यावर ठीक, तर एकतर ऑइल पातळ झालंय किंवा बेअरिंग झिजायला लागलेत. तुमची लक्षणं मला याच शेवटच्या प्रकारातली वाटतात, पण गेज लावल्याशिवाय मी तरी ते पक्कं म्हणणार नाही.

ऑइल पातळ का झालं असेल तेही बघा. डिपस्टिकचा वास घ्या, डिझेलचा वास येतोय किंवा लेव्हल आपोआप वाढतेय असं वाटलं तर इंजेक्टर तपासून घ्या, कारण डिझेल मिसळलेलं ऑइल प्रेशर धरत नाही.

मग चेंबर, म्हणजे इंजिनच्या तळाचं ऑइलचं भांडं, खाली उतरवा. आपल्याकडे हे फार होतं की स्पीडब्रेकरला किंवा गावाकडच्या रस्त्यावर दगड लागून चेंबर खालून चेपतं आणि स्ट्रेनरचं तोंड जवळजवळ त्याला टेकतं, मग पंपाला ऑइल ओढायला जागाच राहत नाही, आणि बाहेरून बघणाऱ्याला वाटतं नुसता पोचा आहे. दुसरं म्हणजे आधी कुणी चेंबर बसवताना सिलिकॉन भरमसाट लावलेलं असेल तर त्याचे तुकडे सुटून जाळीत अडकलेले सापडतात. जाळी नुसती पुसू नका, धुऊन उजेडात धरून बघा.

जुना फिल्टर फेकायच्या आधी कापून कागदाच्या घड्या उलगडा. चमकणारे कण दिसले तर चुंबक फिरवा, न चिकटणारे कण बेअरिंगचे असू शकतात. चेंबर खाली आहेच तर एका कनेक्टिंग रॉडची कॅप उघडून आतली बेअरिंगची शेल बघायला सांगा. एकसारखी राखाडी असेल तर चांगलं, खालचा तांब्याचा रंग दिसायला लागला असेल तर मात्र पहिला मेकॅनिक बरोबर होता, तेव्हा टाळाटाळ करू नका, क्रँक (हे रॉड ज्यावर बसतात तो शाफ्ट) मोजून घ्या.

जाड ऑइलने दिवा विझेलही, पण झीज आहे तिथेच राहते आणि थंडीत स्टार्ट करताना ते वरपर्यंत पोचायला वेळ लावतं. कंपनीने सांगितलेल्या ग्रेडचंच टाका. आणि तपासणी होईपर्यंत घाट नको. चालताना दिवा लागून राहिला तर गाडी बाजूला घेऊन लगेच इंजिन बंद करा आणि टो करून न्या, गॅरेज दोन किमीवर असलं तरी.

प्रश्न: ऑइल बदलल्यापासून रोज सकाळी स्टार्ट केल्यावर लाल दिवा ४-५ सेकंद राहतो, मग जातो. चालेल का? (एक वाचक, नाशिक)

उत्तर: ऑइल बदलल्यावर पहिल्यांदा स्टार्ट करताना झालं तर चालतं, रिकामा फिल्टर भरायला तेवढा वेळ लागतो. रोज होत असेल तर फिल्टरमधला ऑइल मागे जाऊ न देणारा व्हॉल्व्ह नीट नाही, रात्रभरात फिल्टर रिकामा होतोय. ओरिजिनल फिल्टर लावून घ्या, आणि जुना काढताना त्याचं रबर इंजिनलाच चिकटून राहिलं नाही ना ते हात फिरवून बघायला सांगा, नाहीतर दोन रबरं एकावर एक बसून ऑइल जोरात गळू शकतं.